खिडकीबाईने दिलेली सूट

ऑफिसात सगळे तिला खिडकीबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, आणि पाठ वळली की खिडकीबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पण तसं तिनं कधी कुणाला कळू दिलं नाही.

कंपनी लिफ्टचे सुटे भाग विकायची. बटणं, दारांचे रूळ, चाकं, रबरी पट्ट्या. माणसं एकोणचाळीस, आणि त्यांतली सतरा घरून काम करणारी, गावोगाव विखुरलेली. सगळ्यांचे पगार काढायचे, त्यातून कर आणि विम्याचे हप्ते कापून ज्या त्या कचेरीत वेळेवर भरायचे, रजांचा हिशेब ठेवायचा, हे बाईचं काम. एकोणीस वर्षं ती ते करत होती आणि एकोणीस वर्षांत एकही भरणा एका दिवसानंसुद्धा चुकला नव्हता. ही गोष्ट ती स्वतः होऊन सांगायची नाही. दुसरं कुणी सांगू लागलं तर त्याला थांबवायचीही नाही.

खिडक्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका नकाशे काढणाऱ्यामुळे. हा गृहस्थ कागदोपत्री ऑफिसापासून दोन गल्ल्यांवर राहायचा आणि प्रत्यक्षात दीड वर्ष दुसऱ्याच प्रांतात सासुरवाडीला तळ ठोकून होता. तिथल्या कर कचेरीला सुगावा लागला. कंपनीनं त्याचा कर इथे भरला होता आणि ती कचेरी म्हणत होती, हा माणूस आमचा. दंड झाला, व्याज झालं, आणि साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

तेव्हा कंपनीचे करसल्लागार आले. वयस्क गृहस्थ, बारा महिने पडशानं बेजार. नाक पुसत पुसत त्यांनी बाईला समजावून सांगितलं, की माणूस घरी बसून काम करतो तेव्हा खरं म्हणजे कंपनीच त्याच्या घरी जाऊन बसलेली असते. तो ज्या जागी बसतो तिथलं सरकार त्याच्या पगारातला वाटा मागणार. रजेचे, विम्याचे, कामावरून काढण्याचे कायदेही तिथलेच लागणार. परदेशात जाऊन बसला आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तिथे राहिला, तर विचारायलाच नको. आणि तिथे बसून कंपनीच्या नावानं सौदे करायला लागला, तर कंपनीनं तिथे दुकानच थाटलं असं समजून ते नफ्यावरही हात ठेवतात. तेव्हा कोण कुठे बसलंय, एवढं पक्कं माहीत ठेवा, बाई.

पक्कं कसं ठेवायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पत्त्याचा फॉर्म होताच, पण फॉर्मवर माणूस वाटेल ते लिहितो. बाईनं दोन दिवस विचार केला आणि एक जाडजूड वही सुरू केली. दर सहा महिन्यांनी ती प्रत्येकाला व्हिडिओवर बोलावायची, ख्यालीखुशाली विचारायची आणि मग म्हणायची, "खिडकी दाखवा."

तिचं म्हणणं असं, की भिंती सगळीकडे सारख्याच असतात. पलंगावरची चादर बदलता येते. पण खिडकीतून जे दिसतं ते कुणाला हलवता येत नाही. मग ती वहीत लिहायची: समोर पिवळी भिंत, त्यावर भरती असल्याची जाहिरात. पाण्याची टाकी, कबुतरं. बेकरीची मागची बाजू, धुरांडं. शेवटच्या रकान्यात तिची सही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच दिसलं तर ठीक. वेगळं दिसलं तर प्रश्न.

लोकांनी हसून घेतलं. एकजण म्हणाला, बाई, आज नको, अजून आंघोळ झाली नाही. ती म्हणाली, तुम्हाला कोण बघतंय, खिडकी दाखवा. एकाच्या खोलीला खिडकीच नव्हती. त्यानं न्हाणीघराची दाखवली, तर तीसुद्धा तिनं लिहून घेतली. पण तीन वर्षांत दोघांनी खिडकी उघडायच्या आधी स्वतःहून कबूल केलं, की बाई, आम्ही जागा बदललीय. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की ही वही म्हणजे कंपनीची ढाल आहे. बाईनं त्या दिवशी घरी गेल्यावर आईला हे वाक्य दोनदा ऐकवलं.

आईला तिची वही मुळीच आवडायची नाही. "लोकांच्या घरात डोकावायचा पगार घेतेस," ती म्हणायची. बाईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि आई तिच्याकडेच राहायची. दोघींचं पटायचं असं नाही, पण सवय झाली होती. सकाळी बाई डबा भरायची तेव्हा आई वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्यानं वाचायची आणि कोण किती वर्षांचं होऊन गेलं याची स्वतःच्या वयाशी तुलना करायची.

आणि होती धाकटी. बाईपेक्षा चौदा वर्षांनी लहान. बाईनं तिला कडेवर घेऊन फिरवलेलं, तिच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केलेली, आणि सहा वर्षांपूर्वी साहेबांसमोर उभं राहून सांगितलेलं, "घ्या तिला, जबाबदारी माझी." धाकटी विक्रीच्या कामात हुशार निघाली. बोलण्यात गोड, आणि समोरच्याला नाही म्हणायला वेळच देत नसे. दोन वर्षांत साहेबांनी तिला सरहद्दीजवळच्या शहरात पाठवलं. तिथून नदी, नदीवर पूल, आणि पूल ओलांडला की दुसरा देश. तिथे ऑफिस नव्हतं. धाकटीनं भाड्याच्या खोलीतूनच काम करायचं होतं.

खोली लावून द्यायला बाई स्वतः गेली होती. सहा तासांचा रेल्वेचा प्रवास, दोन पिशव्या भांडी, आणि एक निळा पडदा, पांढऱ्या जाड पट्ट्यांचा. तो तिनं घरी शिवून नेला होता. माप थोडं चुकलं म्हणून तिथे बसून खालची दुमड उसवून हातशिलाईनं पुन्हा घातली. टाके वाकडे आले. धाकटी म्हणाली, "राहू दे ताई, कोण बघतंय." खिडकीतून शाळेचं हिरवं छप्पर दिसायचं आणि त्याला लागून विजेचा एक वाकलेला खांब.

म्हणून वहीत धाकटीची पाळी आली की बाई तिला खिडकी दाखवायला लावायची नाही. व्हिडिओवर धाकटीच्या मागे तो निळा पडदा असायचाच. दोघी बोलायच्या, आईचं गुडघेदुखीचं पुराण व्हायचं, आणि फोन ठेवल्यावर बाई वहीत लिहायची: शाळेचं हिरवं छप्पर, वाकलेला खांब. खाली सही. सोळा जणांना नियम, आणि एकीला सूट. ती सूट आहे हेसुद्धा तिच्या कधी मनात आलं नाही. स्वतःच्या हातानं पडदा लावलेली खिडकी पुन्हा काय बघायची?

पत्र आलं मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. जाड पांढरं पाकीट, पुलापलीकडच्या देशातल्या कुठल्याशा विमा कचेरीचा शिक्का. मजकूर दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेला. बाईला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाचं असेल. तिनं पट्टीनं पाकीट उघडलं.

पत्रात धाकटीचं पूर्ण नाव होतं. लिहिलं होतं, की या बाई गेले एकवीस महिने आमच्या देशाच्या रहिवासी असून तुमच्याकडे नोकरीला आहेत. त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या भत्त्यासाठी अर्ज केला आहे. परंतु त्यांच्या नावानं तुमच्या कंपनीनं विम्याचा एकही हप्ता भरलेला नाही, कंपनीची नोंदणीही आढळत नाही. तरी तीस दिवसांत खुलासा करावा. कर कचेरीला प्रत पाठवली आहे. खाली एका चौकटीत प्रसूतीची अपेक्षित तारीख. दहा आठवड्यांवर आलेली.

बाईनं तारीख वाचली. मग शेजारच्या भाषेतला रकाना बघितला, जी भाषा तिला येत नव्हती. तिथेही आकडे तेच होते. मग तिनं पत्राला आवक क्रमांक घातला, कारण आलेल्या पत्राला आवक क्रमांक घालायचा असतो, आणि ते घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी पत्र वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, पण आश्चर्य दिसलं नाही. हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी तिला एवढंच दिसलं, की ते पत्राकडे न बघता खिडकीबाहेर बघतायत. "बाई," ते म्हणाले, "तुमची वही आणा."

तिनं आणली. त्यांनी धाकटीचं पान काढलं. हिरवं छप्पर, वाकलेला खांब. सहा महिन्यांनी पुन्हा हिरवं छप्पर, वाकलेला खांब. पुन्हा तेच. गेल्या एकवीस महिन्यांतल्या तीन नोंदी, तीन सह्या. साहेबांनी पानावर हात फिरवला आणि पहिल्यांदा त्यांच्या जिवात जीव आल्यासारखा वाटला. त्यांनी सल्लागारांना लगेच फोन लावला. फोनवरून सल्लागारांनी जे सांगितलं त्याचा अर्थ असा होता: कंपनीला ठाऊक असताना तिनं डोळेझाक केली असेल, तर मागचा सगळा कर, विमा, व्याज आणि वर जबर दंड. पण कंपनीनं नीट तपासणी ठेवली होती आणि कर्मचाऱ्यानंच तिला फसवलं असं दाखवता आलं, तर दंड जवळजवळ टळतो. मग दोष एकट्या धाकटीवर. फसवणुकीबद्दल तिला काढताही येईल. ही वही सादर करा, आणि वही ठेवणाऱ्या बाईंचा सहीनिशी जबाब सोबत जोडा. शुक्रवारी मी येतो.

"आम्ही तिन्ही वेळा, स्वतःच्या डोळ्यांनी, खिडकी पाहिली होती," साहेब म्हणाले. "एवढंच लिहायचंय, बाई. वहीत आहे तेच."

बाई मान डोलवून बाहेर आली. तिनं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

घरी आली तेव्हा आई गॅलरीत होती, फोन कानाला लावून, रस्त्याकडे तोंड करून. हल्ली ती फोनवर बोलायला गॅलरीतच जायची. आत रेंज येत नाही म्हणायची. बाईनं चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि आत खुर्चीत बसून राहिली. आई आत आली, तिचं तोंड बघितलं, आणि विचारायच्या आधीच म्हणाली, "कळलं का तुला?"

पत्रानं झालं नव्हतं ते या तीन शब्दांनी झालं. आईला ठाऊक होतं.

मग एकेक करून बाहेर पडलं. पुलापलीकडे एक लिफ्ट दुरुस्त करणारा होता, धाकटीकडून माल घ्यायचा. तिथून ओळख वाढली. धाकटी पलीकडे त्याच्या घरी राहायला गेली. गेल्या वर्षी वसंतात दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. तेव्हा आई आठवडाभर "धाकटीकडे हवापालट" म्हणून गेली होती, ती लग्नालाच. बाईनंच तिला गाडीत बसवून दिलं होतं. सोबत थर्मास, औषधांच्या पुड्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं, आणि धाकटीला आवडतो म्हणून केकचा डबा. परत आल्यावर आईनं सांगितलं होतं, तिथली हवा मानवली.

"मला का नाही सांगितलं?" बाईनं विचारलं.

आईनं पदर उगाचच सारखा केला. "तुला सांगितलं असतं तर तू वहीत लिहिलं असतंस."

ते खरं होतं. तिनं लिहिलं असतं. तारखेसकट. आणि मग कंपनीला एक तर पुलापलीकडे नोंदणी करावी लागली असती, नाहीतर धाकटीला सोडावं लागलं असतं. आई पुढे म्हणाली, की तुझा स्वभाव आम्हाला ठाऊक आहे ना, तुला खोटं बोलायला लावण्यापेक्षा तुला न सांगणं बरं असं आम्ही ठरवलं. तुझ्याच भल्यासाठी. आणि बाळाचं तर अगं, आम्ही सांगणारच होतो, योग्य वेळ बघून.

आम्ही. हा शब्द आईनं आयुष्यभर स्वतः आणि मोठी मुलगी या दोघींसाठी वापरला होता. आम्ही धाकटीला शिकवलं. आम्ही तिला नोकरीला लावलं. त्या आम्हीतून आपण कधी वगळलो गेलो, याची तारीखसुद्धा आपल्याला कुणी कळवली नाही, असं बाईच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचाच फोन आला. व्हिडिओवर. मागे निळा पडदा.

बाईनं तिच्याकडे न बघता पडद्याकडे बघितलं. खालच्या कोपऱ्यात हातशिलाईची दुमड, वाकडे टाके. तोच पडदा. धाकटीनं तो दांडीवरून काढून, घडी करून पूल ओलांडून नेला होता आणि परक्या देशातल्या खिडकीला लावला होता. बाई दर सहा महिन्यांनी ज्याच्यावर विसंबून सही करत होती, तो तिच्याच हातचा पडदा.

"पडदा सरकव," बाई म्हणाली.

"ताई, आधी ऐक तरी."

"खिडकी दाखव."

धाकटी अवघडून उठली. एक हात पोटाखाली होता. तिनं पडदा बाजूला केला. छप्पर नव्हतं, खांब नव्हता. एक रुंद, करडी नदी होती, तिच्यावर पूल, आणि पुलाच्या पलीकडे धुरकट दिसणारं आपल्या बाजूचं शहर. धाकटी म्हणाली, "बघ. या काठावरून त्या काठावर आले, एवढंच केलं मी. चालत अर्धा तास. त्यात काय एवढं आकाश कोसळलं?"

बाईनं विचारलं, की पडदा नेलास तो मला फसवायला? धाकटी म्हणाली, आधी नाही, आधी आवडतो म्हणूनच नेला होता. नंतर लक्षात आलं, की तो मागे असला की तू काही विचारत नाहीस.

हे ती इतक्या साधेपणानं बोलली, की बाईला वाटलं, खोटं बोलली असती तर जरा बरं वाटलं असतं.

मग धाकटी कामाचं बोलली. तिला भत्ता मिळायला हवा होता. नवऱ्याचं काम कमी झालं होतं. कंपनीनं फसवणुकीचा ठपका ठेवला तर भत्ता तर जाईलच, नोकरीही जाईल, आणि इथे परत कुणी कामावर घेणार नाही. तेव्हा ताईनं एक करायचं. सांगायचं, की मला ठाऊक होतं. "तू पगार बघतेस, म्हणजे तुला ठाऊक होतं म्हणजे कंपनीला ठाऊक होतं. मग माझ्यावर काही येत नाही. कंपनीनं भरायचं होतं, भरलं नाही, भरतील."

"आणि माझ्यावर?"

"तुझ्यावर काय यायचंय? साहेब तुला एका शब्दानं बोलणार नाहीत. त्यांना कुठे नव्हतं ठाऊक?"

बाईनं फोन जरा जवळ धरला.

धाकटीनं सांगितलं, की साहेब गेल्या हिवाळ्यात इकडे आले होते, पलीकडच्या दोन मोठ्या ऑर्डरी पक्क्या करायला. हिच्या घरी जेवले. याच खोलीत बसले होते, या खिडकीशी, आणि म्हणाले होते, काय सुंदर नदी दिसते तुमच्याकडे. धाकटीनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं, की मी इथे राहते. ते म्हणाले, बाईंची वही नीट आहे ना, मग मला काही ऐकायचंच नाही.

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ उंबऱ्याशी उभी होती. आईनं चहा आणून दिला आणि म्हणाली, "रक्ताची आहे ती तुझ्या. पोटुशी आहे. एक वाक्य तर बोलायचंय." कालपासून सगळे तिच्याकडे एकेकच वाक्य मागत होते.

ती चालत ऑफिसला गेली. सहसा ती बसनं जायची. वाटेत तिला मागच्या तीन-चार महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी आठवत गेल्या आणि प्रत्येकीचा अर्थ जागेवरच बदलत गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर केलेलं वहीचं कौतुक. पलीकडच्या ऑर्डरी मिळाल्यावर पेढे वाटावेत तसे त्यांनी वाटलेले पेनांचे संच. आईचं गॅलरीत जाणं. आपल्याला कुणी मूर्ख बनवलं असतं तर एक वेळ चाललं असतं, तिला वाटलं. पण यांनी तिच्या मूर्खपणाचा आधार घेतला नव्हता. ती खोटी सही करणार नाही या खात्रीचा घेतला होता. तिच्या सहीला किंमत होती म्हणूनच ती तिच्याकडून नकळत करवून घेतली होती.

आणि तरी एक गोष्ट उरत होती. ती कितीही फिरवून बघितली तरी तिचीच राहत होती. हिरवं छप्पर तिनं पाहिलं नव्हतं. धाकटीनं फसवलं, आईनं लपवलं, साहेबांनी कानांवर हात ठेवले. पण न बघता "दिसलं" असं लिहून खाली सही करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी सल्लागार आले. साहेबांच्या टेबलावर वही उघडी, शेजारी टंकलेला जबाब, आणि त्यावर पेन. जबाब चार ओळींचा होता: मी दर सहा महिन्यांनी सदर कर्मचाऱ्याच्या निवासाची दृश्य खात्री केली होती, वगैरे. साहेब आवाजात मध घालून बोलत होते. म्हणाले, बाई, तुमची सही झाली की आम्ही सुटलो. तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटतं, पण तिनं तुम्हालासुद्धा सोडलं नाही, बघा ना.

बाईनं पेन घेतलं आणि जबाब बाजूला सारला. वही स्वतःकडे ओढली. धाकटीच्या पानावर तीन नोंदींच्या खाली तिनं नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता सल्लागारांना ऐकू जाईल असं वाचतही गेली.

"वरील तीनही वेळा मी खिडकी पाहिली नाही. चार वर्षांपूर्वी पाहिली होती, तीच आठवून लिहिली. कर्मचारी माझी सख्खी बहीण असल्यानं तिला पडदा सरकवायला सांगितलं नाही. ती दुसऱ्या देशात राहते हे मला या मंगळवारपर्यंत ठाऊक नव्हतं." ती थांबली. मग आणखी एक ओळ लिहिली. "गेल्या दोन वर्षांत तिची खिडकी दुसऱ्या कुणी पाहिली असल्यास त्यानं स्वतः लिहून द्यावं."

तारीख घातली. सही केली.

खोलीत सल्लागारांच्या नाकाचा तेवढा आवाज होता. त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, चष्म्यावरून साहेबांकडे बघितलं आणि बराच वेळ नजर हलवली नाही. साहेबांनी वही मिटली. मग पुन्हा उघडली. "हे फाडता येणार नाही का?" त्यांनी विचारलं, आणि कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"पानांना क्रमांक आहेत," बाई म्हणाली.

त्या ओळीखाली साहेबांनी काही लिहून दिलं की नाही, हे बाईला शेवटपर्यंत समजलं नाही. कंपनीनं पुलापलीकडे नोंदणी केली, मागचं सगळं भरलं, दंडही भरला. धाकटीला भत्ता मिळाला, कारण तिथला कायदा असा, की मालकानं हप्ते भरले नाहीत म्हणून बाळंतिणीला उपाशी ठेवत नाहीत. रजा संपल्यावर तिथल्याच नियमानं तीन महिन्यांची नोटीस देऊन कंपनीनं तिला मोकळं केलं. धाकटीनं ताईला फोन केला नाही. आईनं दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं पानावर येऊन बसली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की दोघांपैकी एकाच्या तरी बाजूनं बोलायचंस; तू बोललीस ती कुणाच्याच बाजूनं नाही.

बाईला काढलं नाही. वही तिच्याकडून काढून एका नव्या मुलीकडे दिली, जिला ऑफिसात येऊन चार महिने झाले होते. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही आता दगदग कशाला करता, तुमचं काम घरूनही होईल. टेबल दुसऱ्याच दिवशी हललं. बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पगार काढू लागली. भरणे वेळेवर जात होते.

सहा महिन्यांनी व्हिडिओवर बोलावणं आलं. नवी मुलगी संकोचली होती. "बाई, तुम्हाला काय विचारायचं," ती म्हणाली, "तुमचं घर तर सगळ्यांना माहीत आहे. मी आपलं लिहून टाकते."

"लिहू नकोस," बाई म्हणाली. "खिडकी दाखवा म्हण."

"खिडकी दाखवा," मुलगी हळूच म्हणाली.

बाईनं लॅपटॉप उचलला, गॅलरीच्या खिडकीपाशी नेला आणि पडदा पूर्ण बाजूला केला. समोर औषधांचं दुकान, त्याच्यावर दातांच्या डॉक्टरची पाटी, तारेवर वाळत घातलेला टॉवेल. आणि गॅलरीत, पाठमोरी, आई. फोन चेहऱ्यासमोर धरून ती लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होती. पलीकडून कुणीतरी आवाज केला, आई हसली, आणि काचेतून फोनच्या पडद्यावर क्षणभर काहीतरी गुलाबी, हलणारं दिसलं. आईनं मागे वळून बघितलं, खिडकीत बाईला पाहिलं, आणि फोन छातीशी धरला.

"बाई, गॅलरीत कोण आहे?" मुलीनं विचारलं. "तेही लिहू का?"

"लिही," बाई म्हणाली. "दिसतंय ना, मग लिही."